हात जाईल एवढी जागा

वाकून बघा. अजून थोडं वाका, माझ्या वयाला जमतं तर तुम्हाला का जमू नये. भिंतीत कमरेच्या उंचीवर हे भोक आहे ना, हात जाईल एवढं, त्याला डोळा लावा. पलीकडे मोबाईलवाल्याच्या प्लायवूडमध्ये तसंच भोक दिसेल. त्याच्या पलीकडे चपलांच्या दुकानात, त्याच्याही पलीकडे ब्युटी पार्लरमध्ये. सगळी एका रेषेत. कसबे रेठवणच्या या ओळीत पूर्वी चौदा घरं होती. आता तेरा दुकानं आहेत आणि मी आहे. इथं पडवीत कोणी विटांचा आडोसा घालो, कोणी पत्र्याचा, त्यात हे भोक ठेवावंच लागतं. सगळी भोकं मोकळी असती तर इथून थेट शेवटच्या घरापुढचा कडुनिंब दिसला असता. पण मध्येच अडतं. कुठं अडतं ते सांगतो.

आणि हो, तो वास. ओळ बघायला येताना तुमच्यातल्या दोघांनी नाकाला रुमाल लावला, मी बघितलं. गटाराचा नाही तो. त्याचंही सांगतो, पण क्रमानं.

मी रामलिंग टकले. जातीनं आणि धंद्यानं कोष्टी, म्हणजे विणकर. गावात मला तात्या म्हणतात. हे ओळीतलं पहिलं घर माझं, आणि ओळीत राहणारा मी एकटाच उरलोय. बाकीचे सकाळी शटर वर करतात, संध्याकाळी खाली ओढतात आणि तिकडे नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये झोपायला जातात.

आता मान वर करा. फ्लेक्स बघू नका, त्याच्या वर बघा. ही चौदा घरं वेगवेगळी बांधलेलीच नाहीत. आढं एक, छप्पर एक, आणि दोन घरांत मिळून भिंत एकच. दुष्काळात खालच्या मुलखातून चौदा कुटुंबं आपापले माग डोक्यावर घेऊन इथं आली, बांधायला सामान पुरेना, म्हणून याची भिंत तीच त्याची, असं सांगतात. पुढची पडवी मात्र त्यांनी कोणाच्याच वाटणीला घातली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये आडोसा नाही, पायरी नाही. सागवानी खांब आणि खांबांच्या माथ्यावर उलटी कोरलेली केळफुलं. पडवी अशी का, तर ती मुळात माणसांना बसायला बांधलेलीच नव्हती. ती ताण्यासाठी होती. लुगड्याचे उभे धागे मागावर चढवायच्या आधी लांबवर ताणतात आणि त्यांना खळ लावतात. खळ म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, शिजवून आंबवलेली. कुंच्यानं ती धाग्यांवर फिरवली की धागा मागावर तुटत नाही. उन्हात हे काम होत नाही, पावसात तर नाहीच. म्हणून ही लांब सावली.

त्या सावलीचं आता काय केलंय बघा. पडवीला फरशा बसवल्यात, त्या न्हाणीघराच्या. मी चेष्टा करत नाही, दुकानदारानं स्वतः सांगितलं, घराच्या बाथरूमच्या उरल्या होत्या म्हणून. त्या केळफुलाच्या पाकळ्यांत खिळा मारून टायरची पाटी टांगलीय. पलीकडच्या केळफुलांना सोनेरी ऑइलपेंट फासलाय, का तर फोटो चांगला येतो. खांबांच्या बुडाशी गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्यांचे थरावर थर. भोकांत काय काय कोंबतात ते तर विचारू नका. मी रोज सकाळी काठी घेऊन निघतो आणि चहाचे कागदी कप, वेफर्सची पाकिटं बाहेर काढतो, एकदा तर लहान मुलाचा लंगोट काढला. नगरपालिकेनं ‘ऐतिहासिक ओळ’ असा पत्रा लावलाय, तोही खांबाला खिळे ठोकून. मला शिसारी येते. दुकानं झाल्याची नाही हो. हातमाग गेले, पोट तर राहिलं, माणसानं दुकान काढलं तर त्यात वाईट काय. शिसारी येते ती स्वतःच्याच घराला नाक मुरडणाऱ्यांची.

आणि हे आजचं नाही. या ओळीतलं पहिलं दुकान फार जुनं आहे. ही भोकं त्याच दुकानापायी पडली, असं सांगतात.

तेव्हा ओळीत एक रीत होती. कोणत्याही घरातल्या लेकीचं लग्न ठरलं की तिच्या लुगड्याचा ताणा साऱ्या पडवीभर ताणायचा, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. मग ज्याच्या दारासमोरून धागे जातात त्यानं तेवढ्या धाग्यांना आपल्या हातानं खळ लावायची. कुंच्यानं नाही, हातानं. त्याला ओळीचं लुगडं म्हणत. ते नेसून लेक सासरी गेली की तिला चौदा माहेरं. सासरी तिला त्रास झाला तर बापानंच जायला पाहिजे असं नाही, चौदातलं कोणीही उठून जाई, दारात उभं राही आणि जाब विचारी. सासरच्यांनी विचारलं की तुम्ही कोण, तर उत्तर एकच, लुगड्याला हात लागलाय आमचा. त्यापुढं कोणी बोलत नसे. या मुलखात आमच्या मुलींना सासरी जपत म्हणे, आणि त्याचं कारण हे.

मधल्या घरात चौडाप्पा दिवटे राहत होता. हुशार माणूस. विणण्यापेक्षा विकण्यात मिळकत आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्यानं माग मोडला, ओळीतल्यांचीच लुगडी घेऊन विकायला लागला आणि आपल्या दारासमोरच्या पडवीत गादी घातली. पेठेतली मोठी गिऱ्हाइकं यायला लागली. पांढरी बैठक, लोड, पानाचं तबक. आणि दोन्ही बाजूंना शेजारी आंबलेली खळ घेऊन धाग्यांवर चोळतायत. गिऱ्हाइकं उपरण्याचं टोक नाकाशी धरायची. एकानं विचारलं म्हणे, इथं काय मेलंय का. ते चौडाप्पाला लागलं. ज्या वासात तो जन्मला, ज्या वासानं त्याच्या बापानं त्याला भाकरी घातली, त्याच वासाची त्याला किळस यायला लागली. त्यानं आपल्या पडवीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या मातीच्या भिंती घातल्या. चांगल्या जाड, कुडाच्या नव्हेत. ओळीचे दोन तुकडे झाले. अलीकडचा ताणा अलीकडे, पलीकडचा पलीकडे.

त्यानंतर ओळीत पहिलं लग्न ठरलं ते त्याच्याच मुलीचं. तुंगा तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली. ओळीतल्या बाया त्याच्याकडे गेल्या. त्यांच्यात पुढं होती काशव्वा, भिंतीच्या अगदी अलीकडच्या घरातली, विधवा, स्वतः माग चालवणारी. तिनं सांगितलं, "चौडाप्पा, भिंत पाडू नको. पोरीचा ताणा जाईल एवढं भोक तरी पाड. लगीन झाल्यावर लिंप परत."

चौडाप्पानं तबकातलं पान तोंडात घातलं आणि म्हणाला, "माझ्या लेकीच्या अंगाला ती आंबलेली घाण? तिला मी पेठेतनं रेशमी आणलंय. बघून डोळं दिपतील तुमचं."

डोळे दिपलेही असतील. तुंगा रेशमी लुगडं नेसून पेठेत नांदायला गेली. ओळीतल्या एकाचाही हात त्याला लागला नव्हता.

सासरी तिचे हाल होते. काय हाल, ते आख्यायिकेत कोणी सांगत नाही. दोन्ही हातांवरचे डाग सगळ्यांनी पाहिले, एवढंच सांगतात. देवीच्या जत्रेचा दिवस आला तेव्हा तिनं सासूला सांगितलं, ओटी भरून येते. लग्नातलं रेशमी लुगडं नेसली, हातात खण-नारळ घेतला आणि देवळाकडे न वळता सरळ माहेरची वाट धरली. भर दुपारी ओळीत पोचली.

बापाच्या गादीवर गिऱ्हाइकं बसलेली. तिनं हात पुढं करून दाखवले, म्हणाली, "अण्णा, मी परत जात न्हाई."

चौडाप्पानं आधी गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग हसून म्हणाला, पोरी असंच काहीबाही बोलत्यात. तिला भिंतीच्या कोपऱ्यात बसायला सांगितलं आणि गड्याला हाक मारली, गाडी जुंप म्हणून. "गिऱ्हाईक उठलं की तुला पोचवून येतो," असं तिला हळूच म्हणाला. स्वतःची लेक, हातावर डाग, आणि हा उसन्या हसण्यानं पेठेतल्या माणसांना पान देत होता. मला हे सांगताना अजूनही तोंड कडू होतं.

भिंतीच्या अलीकडे त्या वेळी दुसऱ्या कोणाचा ताणा लागला होता. सगळे तिथंच होते. सगळ्यांना सगळं ऐकू गेलं. आणि कोणी उठलं नाही. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर आमची ओळ मोठी धुतल्या तांदळासारखी होती असं तुम्ही समजाल. ते एकमेकांना म्हणाले, आपला हात कुठं लागलाय तिच्या लुगड्याला? रीत म्हणजे रीत. ज्या रितीनं मुलींना वाचवायचं, तिच्याच मागं हे लपले. मला विचाराल तर चौडाप्पाइतकीच किळस मला त्यांचीही येते.

एकटी काशव्वा उठली. रस्त्यावरून वळसा घालून चौडाप्पाच्या दुकानासमोर उभी राहिली. म्हणाली, पोरीला माझ्याकडं ठेवते, गाडी सोड. चौडाप्पानं तिला साऱ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "तुझा हात लागलाय का हिच्या लुगड्याला? न्हाई ना? मग कुठल्या नात्यानं बोलतीस?"

जी रीत त्यानं भिंत घालून मोडली, तीच त्यानं तिच्या तोंडावर मारली. काशव्वानं पदर कमरेला खोचला. ती परत आली. पलीकडे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता, म्हणजे गडी गाडी जुंपत होता. आणि भिंतीवर पलीकडून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. तुंगा भिंतीला पाठ लावून बसली होती, भिंतीत शिरावं तशी पाठ घासत होती, त्याचा तो आवाज.

काशव्वानं खळीची हंडी उचलली आणि भिंतीवर ओतली.

बाकीच्यांना वाटलं बाईला वेड लागलं. तिनं भिजलेली माती हातानं उकरायला सुरुवात केली. परत ओतलं, परत उकरलं. मातीची भिंत ओली केली की विरघळतेच, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण हंडी एवढीशी आणि भिंत हातभर जाड. ती ओतत राहिली आणि हंडी काही रिकामी होईना, असं सांगतात. घुंगरांचा आवाज दारासमोर आला तेव्हा काशव्वाचा हात खांद्यापर्यंत भिंतीत गेला आणि पलीकडे निघाला. चिखल आणि खळ यांनी बरबटलेला हात. तो तिनं चाचपडत चाचपडत तुंगाच्या रेशमी पदरावर फिरवला, चांगला दाबून, आणि भिंतीतूनच ओरडली, "आता लागला का हात, चौडाप्पा?"

तुंगानं तो हात दोन्ही हातांनी धरला. तिचे ते डाग पडलेले हात तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले, कारण भोक आता मोकळं होतं. मग ओळीतल्यांना लाज वाटली. एकेकानं खळीत हात बुडवला आणि भोकातून घातला. पलीकडच्या घरांनाही हाक गेली, त्यांनी त्यांच्या बाजूची भिंत उकरली. तुंगा उठली, एकदा या भिंतीशी गेली, एकदा त्या भिंतीशी, आणि लुगडं पुढं करत राहिली. पेठेतलं ते महागाचं रेशीम आंबलेल्या खळीनं भरून गेलं. दुकानभर वास सुटला. गिऱ्हाइकं नाक धरून उठली आणि निघाली. त्यांच्यामागं चौडाप्पा दारापर्यंत धावला, लेकीकडे नाही.

तोवर ओळीतले लोक रस्त्यानं आले होते. त्यांनी गाडीचे बैल सोडले. चौडाप्पाला अडवता येईना, कारण अट त्यानंच घातली होती. तुंगा काशव्वाच्या घरात राहिली. सासरचे न्यायला आले तेव्हा पडवीत चौदा घरांची माणसं उभी होती. त्यांना बघून ते आले तसे गेले. तुंगा म्हातारी होईपर्यंत इथंच विणत होती. तिच्या हातचं लुगडं घेऊन जायला लोक लांबून येत, असं म्हणतात.

चौडाप्पानं दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून भोकं बुजवली. माती घातली, ती ओल धरून गळून पडली. चुना घातला, त्याचे पापुद्रे निघाले. आणि जिथं बुजवलं तिथून आंबलेला वास यायचा, इतका की एकही गिऱ्हाईक गादीवर टेकेना. शेवटी तो देवीपुढं गेला आणि कबूल करून आला, की भिंत राहील, दुकानही राहील, पण भिंतीत हात जाईल एवढी जागा राहील. त्याच्यामागून ओळीत ज्यानं ज्यानं आडोसा घातला, त्याला त्याला ही अट लागली. आज प्लायवूडला लागते, विटांनाही लागते.

ताणा आता लागत नाही, माग राहिले नाहीत. पण ओळीतल्या घराची लेक लग्नाला निघाली की आदल्या दिवशी तिच्या शालूचा पदर माझ्या इथल्या भोकातून आत घालतो. एका दुकानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा तो शेवटच्या कडुनिंबापर्यंत जातो आणि प्रत्येक दुकानदार त्याला खळीचा हात लावतो. कसा लावतो ते मात्र बघण्यासारखं असतं. एकजण बोटाचं टोक लावून लगेच सॅनिटायझर फासतो. पार्लरवाली रबरी हातमोजे घालते. एकानं परफ्यूमचा फवारा मारून मग हात लावला, त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला.

तरी ते लावतात तरी. आता मध्ये कुठं अडतं ते सांगतो. ती काच दिसते का, ओळीच्या मध्यावर? ‘दिवटे ब्रायडल’. तेच घर, तेच दिवटे. सुहास दिवटे, चौडाप्पाचा वंशज. त्यानं या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना काचेच्या भिंती केल्या. काचेत भोक नाही. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "तात्या, एसी आहे, गार हवा निघून जाते. आणि खरं सांगू का, तो वास ब्रायडलच्या दुकानात नाही चालत." अगदी त्याच सुरात म्हणाला असेल चौडाप्पा.

आणि उद्या सुहासच्या मुलीचं लग्न आहे. मधुरा. परवा माझ्याकडे येऊन बसली, इथंच, तुम्ही बसलायत तिथं. भिंतीतल्या भोकात हात घालून बघितला. मग म्हणाली, "तात्या, माझ्या शालूला ओळीचा हात लागणार न्हाई का?" तिचा शालू कुठं आहे माहितीये? तिच्या बापानं तो पुतळ्याला नेसवून काचेत उभा केलाय. खाली पाटी, ‘आमच्या लेकीची निवड’. पोरीच्या लग्नाचा शालू हो. बघून मला अन्न गोड लागलं नाही. सासर लांबचं आहे, माणसं कशी आहेत देव जाणे. तिला काही नको होतं, कोणीतरी आपलं म्हणून हात लावावा एवढंच हवं होतं.

काच खळीनं विरघळत नाही, एवढं मलाही कळतं. मी काशव्वा नाही. पण दुकानाला एक खोड असते, दिवसा त्याचं दार लावता येत नाही. मी ओळीत सगळ्यांना सांगून आलोय. चपलावाला बाहेरगावचा, त्याचा या रितीशी काही संबंध नाही, पण सकाळपासून दोनदा विचारून गेला, तात्या, किती वाजता? पार्लरवालीला सांगितलं, आज हातमोजे घालून आलीस तर माझ्याशी गाठ आहे. ती हसली, पण येते म्हणाली. आम्ही समोरच्या दारानं आत जाणार, एसीत, गिऱ्हाइकांदेखत, आणि त्या पुतळ्याच्या अंगावरच्या शालूला चौदा घरांचे हात लावणार. सुहासला काय बोलायचं ते बोलू दे. मधुरा दारातच उभी राहणार आहे.

आता तुम्हाला वासाचं कळलं असेल. माझ्या या बाजेखाली हंडी आहे. पाच दिवस झाले खळ आंबत घालून, नेहमीपेक्षा जास्तच. मुद्दाम.

तुंगानंतर आजवर या ओळीतली एकही लेक चौदा घरांचा हात लागल्याशिवाय सासरी गेलेली नाही. उठा, निघायची वेळ झाली. ते रुमाल खिशात ठेवा आणि हंडीला एका बाजूनं हात लावा, मला एकट्याला उचलत नाही.